कडीचा डबा

भिंगार,
१२ सप्टेंबर १९७२

प्रिय मरियमआक्कांस,
दयाचा सप्रेम सलाम.

तुमचे बंधू सकाळी डेपोत सुतारकामाला निघताना म्हणाले, "आक्काला चार ओळी खरड, तुला दिवसभर काय काम आहे?" म्हणून खरडायला बसले. सुवार्ता शाळेत गेलीय. निर्मल झोळीत झोपलाय, आणि झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलीय. अक्षर हललेलं दिसलं तर दोष त्याला द्या.

इथं यंदाही पाऊस नाही. दुपारी दारात बसलं की समोरचा रस्ता, पलीकडची बाभळ, रस्त्यानं चाललेला माणूस, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हलतं, आणि पाणी मात्र कुठंच नाही. या दिवसांत मला जागेपणीही थोडी झोप असते. भाकरी थापताना मी दुसरीकडंच असते. हात आपले थापत राहतात.

आता खरी गोष्ट सांगते. रविवारी पाळकसाहेबांनी हंगामाच्या सणाचं जाहीर केलं. दरवर्षी आपण कणसं, भोपळे, कोंबड्या आणून वेदीपुढं मांडतो. यंदा कणसं कुठली? तर साहेब म्हणाले, "ज्यानं त्यानं आपल्या हातचं काम आणावं. नाव घेऊन ते प्रभूपुढं ठेवू." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, इतकं चांगलं बोलले. मग पंचांचे सेक्रेटरी शलमोन मास्तर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ज्या भगिनी घरीच बसून असतात, त्यांनी यजमानांच्या वस्तूला हात लावून उभं राहावं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही तेव्हा काही वाटलं नाही. संध्याकाळी पीठ मळताना टोचायला लागलं. तुमचे बंधू त्यांच्या कामातलं म्हणून एक स्टूल करतायत, शिसवी पायांचं. म्हणाले, "तू एका बाजूनं धर, मी एका बाजूनं धरतो, झालं की." प्रेमानंच म्हणाले हो. रागानं म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

पहाटे स्वप्न पडलं. मी किल्ल्याच्या रस्त्यानं चाललेय, आणि लग्न झाल्यापासून मी थापलेल्या सगळ्या भाकरी समोरून येतायत. एकीमागं एक, शांतपणे, मेंढरांसारख्या. प्रत्येकीवर माझी बोटं उमटलेली. त्यांच्या मागनं मी झाडलेली धूळ येतेय, मी भरलेलं पाणी येतंय. रस्त्याच्या कडेला चष्मेवाला एक माणूस विचारतोय, "हे सगळं कुणाचं?" मी सांगायला तोंड उघडलं, तर तोंडातून नुसतं पीठ.

आक्का, तुम्ही शिकलेल्या, राहात्यासारख्या ठिकाणी एकट्यानं राहून मास्तरकी करणाऱ्या. मला सांगा, मी काय नेऊ? मी सकाळी केलेलं दुपारी खाल्लेलं असतं, दुपारी धुतलेलं संध्याकाळी मळलेलं असतं. मांडून ठेवावं असं माझ्या हातचं आहे काय? पण मला माझ्या नावानं उभं राहायचंय. एकदाच, पण राहायचंय.

तुमची,
दया

ता. क. मागं तुम्ही नाताळला आला होतात, तेव्हा तुमच्याबरोबर दही घालून दिलेला माझा पितळी कडीचा डबा अजून आला नाही. नणंदेला विचारू नये, पण विचारते.


राहाता,
२० सप्टेंबर १९७२

प्रिय दया,
आशीर्वाद.

तुझं पत्र वर्गातच वाचलं. मुली पाढे म्हणत होत्या आणि मी तुझ्या भाकरी मोजत होते. एका मुलीनं विचारलं, "बाई, हसता का?"

अगं वेडे, तुला फार मोकळा वेळ आहे, दुसरं काही नाही. रिकामा न्हावी, कुडाला तुंबड्या लावी. इथं माझ्या वर्गात मुली बसायला जागा नाही, शिवाय दुपारच्या सुट्टीत दुष्काळाचं पावडरीचं दूध वाटायचं कामही आमच्याच गळ्यात. मला स्वप्न पडायला झोप तर लागली पाहिजे.

उपाय सोपा आहे. पांढरं कापड घे, रंगीत दोरा घे, एक रुमाल भर. कोपऱ्यात गुलाब, मधे वचन. झालं तुझ्या हातचं काम. शलमोन मास्तरची काय बिशाद तुझं नाव न घ्यायची! आणि पुढंमागं शिवणाचा क्लास लाव. बाईच्या हातात दाखवण्याजोगं काही असलं पाहिजे, हे मी पहिल्यापासून सांगत आलेय.

आपल्या आईचंच बघ. जन्मभर चुलीपुढं बसली. गेली तेव्हा तिचं म्हणून मागं काय उरलं? लुगडी वाटली, संपलं. राहीबाई नावाची बाई या जगात होती, याला आता पुरावा काय? एक फोटोही नाही. मी तर लहानपणीच ठरवलं होतं, आपण चुलीपुढं बसायचं नाही. नाही बसले. बनुबाईकडून दोन वेळचं ताट येतं. भाजी पाण्यात पोहते आणि भाकरी पापडासारखी मोडते, पण बाई दही काय लावते! त्या दह्याशिवाय माझा घास उतरत नाही. इकडं कालव्यामुळं अजून म्हशींना वैरण आहे, म्हणून ते तरी मिळतं. खरं सांगू? कधीकधी ते दही खाताना मला बसल्या बसल्या गुंगी येते. कुठल्यातरी जुन्या दुपारी, गार जमिनीवर बसल्यासारखं वाटतं. मग शाळेची घंटा होते.

डब्याचं विचारू नकोस. मी एकटी, माझ्यानं ते दही संपेना, कुणाला तरी देऊन टाकलं असेल. नवा स्टीलचा घेऊन देते. मग तर झालं?

तुझी,
मरियमआक्का


भिंगार,
८ ऑक्टोबर १९७२

प्रिय आक्कांस,
सप्रेम सलाम.

रुमालाची हकीकत ऐका. गुलाबाच्या दोन पाकळ्या झाल्या, तेवढ्यात नळाला पाणी आलं. नळ कधी येईल ते हल्ली प्रभूलाच ठाऊक, म्हणून सगळं टाकून पळावं लागतं. तिसरी पाकळी घातली आणि निर्मलनं चुलीतली राख खाल्ली. चौथीच्या वेळी सुवार्ता तापली. वचनाचं तर नावच काढू नका, अजून पहिलं अक्षर चाललंय. तुम्ही म्हणता मला मोकळा वेळ आहे. असेल. पण तो कुठं असतो ते मला सापडत नाही, तुम्हाला तिथून दिसत असेल तर कळवा.

स्टीलचा डबा नको. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. या घरातल्या प्रत्येक भांड्यावर "प्रभुदास स. पाटोळे" कोरलंय, पार चमच्यावरसुद्धा. तो एकच डबा माझ्या माहेरचा. माझ्या आईनं भांड्यांच्या दुकानात उभं राहून त्यावर "दया" घालून घेतलं होतं. आडनाव नाही, सौभाग्यवती नाही. नुसतं दया. आता नसला तर नसला. पण स्टीलचा नको.

भिमाजी गवळ्यानं म्हशी गुरांच्या दुष्काळी छावणीत नेल्या, त्यामुळं आळीत दूध येणं बंद. विरजणं मोडली सगळ्यांची. शेजारची छबूबाई काल दारात उभी राहून हळहळत होती, "लई वरसाचं हुतं गं." मी म्हटलं, "चहा घ्या." ती म्हणाली, "आत्ताच झाला." आमच्याकडं आली की तिचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो. मला सवय झालीय.

आणखी एक स्वप्न पडलं, या वेळी दुपारीच. निर्मलला थोपटता थोपटता डोळा लागला. तिन्हीसांज आहे. तुमच्या आई, माझ्या आत्याबाई, आपल्या जुन्या घरातल्या फळीपाशी पाठमोऱ्या उभ्या आहेत. काहीतरी झाकतायत. तोंडानं "नीज गं, नीज" असं पुटपुटतायत, जसं लेकराला म्हणावं. मी विचारलं, "आत्याबाई, कुणाला निजवता?" त्यांनी वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. घरभर इतकी शांतता होती आक्का, की मी जागी झाले तरी ती थोडा वेळ घरात राहिली. मग निर्मल रडला.

त्या शांततेत मला सापडलं, काय न्यायचं ते. सांगत नाही. तुम्ही हसाल. पण ते माझ्या हातचं आहे, रोजचं आहे, आणि खाऊनही संपलेलं नाही.

तुमची,
दया


राहाता,
२२ ऑक्टोबर १९७२

प्रिय दया,
आशीर्वाद.

प्रभुदासचं कार्ड आलं. वाचून माझं डोकंच फिरलं. चर्चमधून पोरांसाठी मिळालेल्या पावडरीच्या दुधातलं वाटीभर दूध तू रोज बाजूला काढतेस आणि त्याचं दही लावतेस, म्हणे! त्यावरून घरात कडाक्याचं भांडण झालं, तू दोन दिवस बोलली नाहीस, असंही त्यानं लिहिलंय. तो लिहितो, "दिवसभर घरी असते, त्यामुळं तिच्या डोक्यात काहीबाही येतं."

दया, मी तुझी बाजू घेत आले, पण हे अति झालं. दुष्काळात पोरांच्या तोंडचं दूध काढून आंबवायचं? दह्यावाचून कुणी मरत नाही. दूध आल्यावर हवं तेवढं दही लाव की! कुठं पळून जातंय?

आणि रुमाल कुठवर आलाय? ते "सापडलं" म्हणजे काय सापडलं? सणाला दोन आठवडे राहिले. उगाच काहीतरी नेऊन हसं करून घेऊ नकोस, म्हणजे मिळवली.

बनुबाई आजारी आहे. दोन दिवस तिची सून ताट पाठवते. दही तेच आहे, एवढं बरं.

तुझी,
मरियमआक्का


भिंगार,
९ नोव्हेंबर १९७२

आक्का,

तुमच्या पत्राला उत्तर लगेच दिलं नाही. रागावले होते म्हणून नाही. तुम्हाला सणानंतर सगळं एकदम सांगायचं होतं, आणि तुम्ही वाचून म्हणाल, "वा गं दया!" असं वाटलं होतं.

पोरांच्या तोंडचं मी काही काढलं नाही. रात्री लावलेलं दही सकाळी त्यांनाच भाकरीबरोबर द्यायचे, फक्त चमचाभर मागं ठेवायचे, पुढच्या दुधाला. तुमच्या भावाला लावतानाचं दूध दिसलं, खातानाचं दही दिसलं नाही.

शनिवारी दूध कोमट केलं. करंगळी बुडवून पाहिलं, जसं आत्याबाई पाहायच्या. होता नव्हता तो चमचा त्यात सोडला, वाटी गोधडीत गुंडाळली आणि पिठाच्या डब्यात ठेवली. "नीज," म्हटलं. सकाळी उघडलं, तर आक्का, असं दही लागलं होतं, पावडरीच्या दुधाचं, की वाटी कलंडली तरी हललं नाही. वर तो अर्ध्या गुलाबाचा रुमाल झाकला आणि चर्चमध्ये नेलं. सगळं मांडलं होतं. नागापूरच्या कारखान्यात जाणाऱ्यानं लोखंडाचं चाक आणलं होतं, शिंप्यानं सदरा, गोजरबाईनं विणलेली टोपी. मी कडेला माझी वाटी ठेवली. मला खूप बरं वाटत होतं. खिडकीतून उजेड येत होता, त्यात धूळ तरंगत होती, आणि ती धूळही मला आपली वाटत होती.

तेवढ्यात निर्मलनं अंग ओलं केलं. मी त्याला बदलायला पायऱ्यांवर गेले. परत येऊन पाहते, तर वाटी नाही.

शलमोन मास्तरांनी रुमाल उचलून पाहिला होता. म्हणाले म्हणे, "हे दही इकडं कुणी ठेवलं? स्वयंपाकाकडं न्या." मागं प्रीतिभोजनाची कढी चालली होती. मी धावले. कढीला उकळी आली होती. आणि गोजरबाईनं हसून माझ्यापुढं वाटी धरली, राखेनं घासून, पुसून, लख्ख केलेली. म्हणाली, "घे गं दया, तुझी वाटी. आयती घासून ठेवली." मी वाटी घेतली. मीही हेच केलं असतं.

मग आत नावं घ्यायला लागले. "प्रभुदास पाटोळे आणि कुटुंब." मी गेले. स्टुलाला हात लावला. लावायला लागलाच. जेवताना सगळे म्हणाले, कढी यंदा फार छान झाली.

तुम्ही लिहिलंत, दूध आल्यावर दही लाव. कशानं लावू? दही दह्यानंच लागतं. चिंचेनं लागतं, लिंबानं लागतं, मला माहीत आहे. पण ते परकं.

आता सांगते, जे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मी लग्न होऊन आले त्या संध्याकाळी आत्याबाईंनी माझी ओटी वगैरे काही भरली नाही. त्यांनी मला फळीपाशी नेलं, वाटीवरचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "हे मला माझ्या सासूनं दिलं. आता तुझं. मोडू देऊ नको." तुम्ही तेव्हा ट्रेनिंग कॉलेजात होता. मी विचारलं, "आक्कांना नाही दिलं?" तर म्हणाल्या, "तिला कुठं चूल हाय? तिला पुस्तकं हायेत. तू जप, म्हंजे ती कधी घरी आली तर खाईल." आम्ही डेपोजवळच्या घरात राहायला आलो, तेव्हा टांग्यात तुमच्या भावानं हत्यारांची पेटी मांडीवर घेतली होती. मी ती वाटी घेतली होती. बाळंतपणांत, तापात, एक संध्याकाळ चुकवली नाही. ते कुणी काम म्हटलं नाही. मीही म्हटलं नव्हतं.

लोक म्हणतात, आनंदावर विरजण पडलं. ही म्हण नक्की पुरुषानं काढली असणार. विरजण पडतं म्हणून दूध टिकतं, हे त्याला कुठं माहीत?

सगळी आळी फिरले. मी ज्यांना ज्यांना कधी दिलं होतं, त्या सगळ्यांचं दूध बंद झालं तेव्हाच मोडलं. आक्का, तुम्ही म्हणालात आईचं मागं काही उरलं नाही. उरलं होतं. माझ्या हातून गेलं. तिन्हीसांजेला हात आपोआप फळीकडं जातो आणि मग काय करायचं ते त्याला कळत नाही. आता स्वप्नंही पडत नाहीत.

दया


राहाता,
२६ नोव्हेंबर १९७२

माझी दया,

तुझं पत्र शाळेत उघडलं आणि मुलींना सोडून घरी आले. नोकरीत पहिल्यांदा असं केलं.

दुपारी ताट आलं. मी भाजीला हात लावला नाही, भाकरीला लावला नाही. दह्याचा एक घास घेतला. आणि पुन्हा तेच झालं, ती जुनी दुपार, ती गार जमीन. पण या वेळी मी डोळे उघडले नाहीत. म्हटलं, बघू तरी कुठं नेतेय. सारवलेली जमीन होती. मी परकर-पोलक्यात होते. समोर आईचे पाय होते, भेगा पडलेले, आणि वरून ताटात दही पडत होतं. "खा गं मरे," कुणी म्हणालं. शाळेची घंटा झाली, पण मी गेले नाही.

मी तशीच उठले आणि बनुबाईच्या घरी गेले. इतकी वर्षं तिचं जेवतेय, पण तिच्या स्वयंपाकघरात मी कधी पाय ठेवला नव्हता. ती शेंगा निवडत होती. मी विचारलं, "बनुबाई, मी मागं कधी तुम्हाला पितळी कडीचा डबा दिला होता का?"

"त्यो व्हय?" ती म्हणाली. "नाताळाहून आल्यावर तुमीच दिल्ता की, दह्यासकट. 'माझ्यानं संपत न्हाई' म्हनलात. त्येच्यात तर मी इरजन ठिवते."

दया, डबा फळीवर होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेला. मी तो घाईघाईनं खाली ओढला, तर बनुबाईनं काढून घेतला, पडेल म्हणून.

ती म्हणाली, "लई गुनाचं इरजन हाय. थंडीत बी लागतं. आमची समदी आळी हितलंच नेती. दयाचं इरजन म्हंत्यात."

मी म्हटलं, "काय म्हणतात?"

"दयाचं. डब्यावर नाव हाय न्हवं? माझ्या लेकीनं वाचलं हुतं. गोरक्षाची बायकू तर लेकीला सासरी देताना घिऊन गेली, श्रीरामपूरला. म्हनली, बाकी काय बी इसर, दयाचं इरजन इसरू नको." मग तिनं मला विचारलं, "कोन हाय वो ही दया? मी म्हनलं, असंल कुनी सुगरन."

मी तिथंच चुलीपुढं बसले. हो, चुलीपुढं! मी रोज आईच्या हातचं जेवत होते आणि तुला लिहीत होते की आईचं काही उरलं नाही. ते दही कुणी लावलं, कशानं लावलं, हे विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही. ताट यायचं, मी जेवायची. आणि तुला शिकवत होते रुमाल भरायला. मेलीला लाज वाटली पाहिजे.

तुझ्या त्या चर्चमध्ये तुझं नाव कुणी घेतलं नाही ना? इथं रोज तिन्हीसांजेला घेतात. मी काल मुद्दाम आळीत उभी राहून ऐकलं. धूर निघत होता, गुरं परत येत होती, आणि एक पोरगी वाटी घेऊन पळत आली अन् ओरडली, "आजे, दयाचं दे गं!" मला तर स्वप्नात असल्यासारखं झालं.

डबा परत मागितला. बनुबाईनं आपलं विरजण मडक्यात काढलं, डबा घासला आणि पुन्हा काठोकाठ दही भरलं. मी म्हटलं, "अहो, एवढं कशाला?" तर म्हणाली, "भांडं रिकामं देत्यात व्हय कुठं?"

एसटीतला कानिफनाथ कंडक्टर माझ्या विद्यार्थिनीचा बाप आहे. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीनं तो डबा आणतोय. प्रभुदासला माळीवाडा स्टँडवर पाठव. त्याला सांग, आक्काचा हुकूम आहे, डबा मांडीवर घेऊन यायचं.

तुझीच,
मरियम


भिंगार,
१७ डिसेंबर १९७२

प्रिय आक्कांस,
दयाचा सप्रेम सलाम.

पत्र वाचून मी आधी रडले, मग सुवार्ताला वाचून दाखवलं, मग दोघी रडलो. निर्मल आम्हाला बघून हसायला लागला.

तुमचे बंधू स्टँडवर गेले. मांडीवर आणणार कसा, सायकल होती. एका हातानं हँडल आणि एका हातानं डबा छातीशी धरून आले. शर्टावर दही सांडलेलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "यावर तुझं नाव आहे." मी म्हटलं, "लग्नापासून आहे." बराच वेळ डबा हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "मला शिकव." त्यांना काय सांगायचं होतं ते मला कळलं, आणि त्यांना सांगता येत नव्हतं हेही कळलं. त्या संध्याकाळी दूध त्यांनीच घेतलं. करंगळी न बुडवताच कढत दुधात चमचा घातला. फुटलं सगळं. इतका ओशाळला तो माणूस! मी म्हटलं, "असू दे. डबाभर आहे अजून." दुसऱ्या दिवशी मी लावलं. ते बाजूला उभं राहून बघत होते, आणि मी "नीज" म्हटलं तेव्हा हसले नाहीत.

छबूबाई आली. वाटी पदराआड धरून. "थोडं देतीस का गं?" मी दिलं. मग म्हटलं, "चहा घ्या." तिनं वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बसली. आक्का, तिनं चहा घेतला. बशीत ओतून, फुंकून फुंकून.

एक सांगायचं राहिलं. बनुबाईंना माझा सलाम सांगा आणि सांगा की दयाचं म्हणतात ते ऐकून माझे पाय जमिनीवर नाहीत, पण त्या पोरीला एकदा सांगा, हे आधी राहीबाईचं होतं. रोज नको, एकदा सांगितलं तरी पुरे. आत्याबाई स्वप्नात आल्या होत्या, पण पाठमोऱ्या नव्हत्या या वेळी. फळीपाशी बसून निवांत दही-भाकरी खात होत्या. कुणीतरी वाढत होतं त्यांना. बांगड्यांवरून ओळखलं, तुम्ही होता.

आणि आता आजचीच गंमत. चर्चहून आलो, जेवलो, तर दारात शलमोन मास्तर. हातात वाटी. चष्मा नाकावर घसरलेला. म्हणाले, "धाकटीचं पोट बिघडलंय. डॉक्टरांनी दहीभात सांगितलाय. पावडरीच्या दुधाला काही केल्या दही लागत नाही. हिनं सांगितलं..." आणि थांबले.

मी म्हटलं, "काय सांगितलं बाईंनी?"

"सांगितलं, की विरजण आण."

"कुणाचं?"

इकडंतिकडं पाहिलं त्यांनी. तुमचे बंधू त्या शिसवी स्टुलावर बसले होते, ते भिंतीकडं बघायला लागले. सुवार्ता तोंड दाबून उभी.

"दयाचं," मास्तर म्हणाले.

"जरा मोठ्यानं म्हणा मास्तर, चुलीपाशी ऐकू येत नाही."

"दयाचं विरजण!" एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की पलीकडून छबूबाईनं डोकावून पाहिलं.

मी त्यांची वाटी भरून दिली. पोरगी आजारी आहे, द्यायचं ते लगेच द्यायला हवं होतं. पण मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. प्रभू मला क्षमा करो.

तुमची,
दया